वाचकांचे प्रश्न: यान उडायच्या आधीची दहा वर्षं

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की दुसऱ्या ग्रहावर जाणाऱ्या यानाचं नशीब लॉंचच्या दिवशी ठरत नाही, ते कितीतरी वर्षं आधी मीटिंगमध्ये, एक्सेल शीटमध्ये आणि टेस्टिंगच्या खोलीत ठरलेलं असतं. त्यावर खूप प्रश्न आले, काही एका ओळीचे, काही चार पानांचे. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं जमणार नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि एका प्रश्नावर जरा जास्तच जागा खर्च केलीय, तो कुठला ते वाचताना कळेलच.

प्रश्न: ताई, मी अकरावीत आहे. आता कुठल्या ग्रहावर जायचं हे नेमकं कोण ठरवतं? नासाचे प्रमुख एक दिवस म्हणतात का की चला, युरेनसला जाऊ? आणि इस्रोमध्ये कसं असतं?

उत्तर: नाही गं, प्रमुखाच्या मनात आलं म्हणून यान निघत नाही. नासाच्या बाबतीत दर दहा वर्षांनी तिथल्या नॅशनल अकॅडमीज शास्त्रज्ञांना एकत्र बसवतात, त्याला डिकेडल सर्व्हे म्हणतात. मंगळवाले, शुक्रवाले, बर्फाळ चंद्रांवर काम करणारे, लघुग्रहवाले सगळे आपापली बाजू मांडतात, भांडतात, आणि शेवटी एक क्रम लावून देतात की मोठं मिशन करायचं तर आधी हे, मग ते. २०११ च्या यादीत मंगळावरचे दगड-मातीचे नमुने गोळा करणं पहिलं होतं आणि गुरूचा चंद्र युरोपा दुसरा. त्यातूनच पर्सिव्हिअरन्स रोव्हर झाला, जो २०२१ पासून मंगळावर नमुन्यांच्या नळ्या भरतोय, आणि १४ ऑक्टोबर २०२४ ला युरोपा क्लिपर निघालं. २०२२ च्या यादीत युरेनस पहिला आणि शनीचा चंद्र एन्सेलॅडस दुसरा आहे. युरेनसजवळून आजवर एकच यान गेलंय, व्हॉयेजर २, तेही जानेवारी १९८६ मध्ये, आणि ते न थांबता पुढे निघून गेलं.

मला ही पद्धत मनापासून आवडते, कारण शास्त्रज्ञ आधी आपापसात भांडून घेतात आणि मग सरकारकडे एका तोंडाने बोलतात, त्यामुळे सरकार बदललं, खासदार बदलले तरी यादी सहजासहजी हलत नाही. सहजासहजी म्हणतेय, कारण पैसा शेवटी अमेरिकन काँग्रेसच मंजूर करते. युरोपा क्लिपर नासाच्या स्वतःच्या एसएलएस या मोठ्या रॉकेटवरूनच न्यायचं असं काँग्रेसने कित्येक वर्षं कायद्यात लिहून ठेवलं होतं, ती अट निघाल्यावर ते स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन हेवी रॉकेटवरून गेलं. रॉकेट बदललं की रस्ताही बदलतो: एसएलएसवरून तीनेक वर्षांत थेट पोचायचं गणित होतं, आता आधी मंगळाजवळून आणि मग परत पृथ्वीजवळून वेग घेत २०३० मध्ये पोचणार.

छोट्या मिशन्सची गोष्ट वेगळी. १९९२ ला सुरू झालेल्या डिस्कव्हरी प्रोग्रॅममध्ये चक्क स्पर्धा असते, एखादी शास्त्रज्ञ टीम उभी करते, कुठे जायचं, काय मोजायचं, किती पैसे लागतील ते सगळं लिहून देते आणि त्यातून एखाददुसरं निवडलं जातं. २०२१ मध्ये अशीच शुक्राची दोन मिशन्स एकदम निवडली गेली, व्हेरिटास आणि दाविंची. इस्रोमध्ये प्रस्ताव वेगवेगळ्या समित्यांमधून वर सरकतो आणि मोठं मिशन असेल तर केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी लागते, उदाहरणार्थ १८ सप्टेंबर २०२४ ला एकाच दिवशी चांद्रयान ४ साठी २१०४ कोटी आणि शुक्राच्या ऑर्बिटरसाठी (म्हणजे ग्रहाभोवती फिरत राहणाऱ्या यानासाठी) १२३६ कोटी रुपये मंजूर झाले.

प्रश्न: मी मोठ्या प्रोजेक्ट्सच्या अकाउंट्समध्ये २२ वर्षं काढली. माझा अनुभव असा की सुरुवातीचा आकडा मुद्दाम कमी दाखवतात म्हणजे मंजुरी मिळते, मग हळूहळू वाढवत न्यायचा. नासाची मिशन्सही बजेटच्या बाहेर जातातच. तिथेही हेच चालतं का? स्पष्ट सांगा.

उत्तर: स्पष्ट सांगते. उत्साहाच्या भरात आकडा कमी धरला जातो हे खरंच आहे, आणि तसं होतं हे एजन्सीलाही माहीत असतं म्हणून त्याला आळा घालायचे नियम केलेत. नासाचं मिशन टप्प्याटप्प्यानं जातं, पहिल्या टप्प्यांत फक्त अभ्यास, डिझाइन, एखाददोन अवघड भागांचे नमुने. या काळात एजन्सी कुणालाही खर्चाचा पक्का शब्द देत नाही. प्राथमिक डिझाइनचा रिव्ह्यू झाला की मग कन्फर्मेशन, तिथे आकडा आणि तारीख लिहून दिली जाते, आणि नियम असा की त्या पैशात आणि त्या तारखेला काम होण्याची शक्यता दोन्ही मिळून ७० टक्के तरी असली पाहिजे. पुढे खर्च १५ टक्क्यांनी वाढला तर काँग्रेसला कळवावं लागतं आणि ३० टक्क्यांच्या वर गेला तर नव्यानं परवानगी घ्यावी लागते. तुमच्या २२ वर्षांत असे नियम असते तर बरं झालं असतं असं तुम्हाला वाटेल.

पण माझ्या मते खरा मुद्दा राखीव भागाचा आहे. डिस्कव्हरीच्या प्रस्तावात साधारण पाव भाग पैसे कुठल्याही कामाला न लावता बाजूला ठेवावे लागतात. वजनाचंही तसंच, कागदावर यान ७०० किलोचं दिसत असेल तर ते ७०० किलोत कधीच होत नाही, केबल वाढते, ब्रॅकेट वाढतं, कुणाचा कॅमेरा दोन किलोनी जड होतो, म्हणून सुरुवातीलाच ३० टक्क्यांच्या आसपास मार्जिन धरतात. तिसरी राखीव गोष्ट म्हणजे दिवस. प्रोजेक्ट मॅनेजरचं अर्धं आयुष्य हे तीन आकडे बघण्यात जातं, किलो, पैसे आणि दिवस, आणि एक संपला की दुसऱ्यातून उसनं घेणं सुरू होतं. पैसे आणि किलो काहीतरी करून मिळतात हो. दिवस मिळत नाहीत, कारण मंगळ आणि पृथ्वी सोयीच्या जागी यायला २६ महिने लागतात आणि तिथे कुणाची ओळख चालत नाही.

इनसाइटचं उदाहरण घ्या. मंगळाचे भूकंप मोजायला निघालेलं हे यान मार्च २०१६ ला उडणार होतं. मुख्य उपकरण फ्रेंच अंतराळ संस्थेच्या नेतृत्वाखाली बनवलेला सिस्मोमीटर, इतका नाजूक की हायड्रोजनच्या अणूपेक्षाही कमी हालचाल पकडायची, आणि त्यासाठी तो एका गोळ्यात पूर्ण निर्वातात ठेवायचा. त्या गोळ्याला बारीक गळती लागली. दुरुस्त केली, परत लागली. डिसेंबर २०१५ च्या मध्यावर यान लॉंचच्या तळावर पोचलंसुद्धा होतं, आणि २२ डिसेंबरला नासाने सांगितलं की आता जाणार नाही. पुढची संधी मे २०१८, वाढीव खर्च सुमारे १५ कोटी ४० लाख डॉलर. पेपरांनी काय लिहिलं असेल ते सांगायला नको. पण तो सिस्मोमीटर तसाच गेला असता तर मंगळावर बहिरा होऊन बसला असता. यान दोन वर्षांहून जास्त उशिरा गेलं, नोव्हेंबर २०१८ ला उतरलं आणि चार वर्षांत १३०० हून जास्त भूकंप ऐकून गेलं. माझ्या दृष्टीनं गेल्या दहा-पंधरा वर्षांतला हा सगळ्यात हिमतीचा मॅनेजमेंटचा निर्णय आहे, पॅक करून पाठवलेलं यान परत आणायचा.

एक वाईट बाजूही सांगते, तुम्ही अकाउंट्सवाले म्हणून तुम्हाला लगेच कळेल. यान बॉक्समध्ये बसलं तरी टीमचा पगार चालूच राहतो. आणि तो पैसा, ती माणसं कुठून येतात? दुसऱ्या मिशनमधून. २०२२ मध्ये सायकी नावाचं लघुग्रहाचं मिशन वेळेत निघालं नाही कारण सॉफ्टवेअरचं टेस्टिंग उशिरा झालं, चौकशी समितीला असं दिसलं की जेपीएलमध्येच, म्हणजे नासाची ही यानं जिथे बनतात त्या प्रयोगशाळेतच, अनुभवी माणसं कमी पडतायत आणि जी आहेत ती एकाच वेळी अनेक ठिकाणी ओढली जातायत. मग शुक्राचं व्हेरिटास किमान तीन वर्षं मागे ढकललं गेलं. व्हेरिटासवाल्यांची यात काही चूक नव्हती. ज्या शास्त्रज्ञांनी शुक्रासाठी वीस-पंचवीस वर्षं वाट पाहिली त्यांना दुसऱ्याच्या उशिराचा दंड भरावा लागला, हे मला आजही पटत नाही.

प्रश्न: मंगळयान ४५० कोटीत झालं. मग बाकीच्यांना एवढा खर्च का येतो? आपल्याकडून शिकत का नाहीत?

उत्तर: अभिमान मलाही आहे, ऑगस्ट २०१२ ला घोषणा आणि ५ नोव्हेंबर २०१३ ला उड्डाण, हा वेग कुठेही कौतुकाचाच. पण तुलना करताना यानात काय होतं तेही बघायला हवं. मंगळयानात पाच उपकरणं, मिळून १५ किलो. त्याच महिन्यात मंगळाकडेच निघालेल्या नासाच्या मेव्हन यानामध्ये ६५ किलोची उपकरणं आणि ६७ कोटी डॉलरचा खर्च. मंगळयानाचा सांगाडा चांद्रयान १ वरून घेतलेला, रॉकेट नेहमीचं पीएसएलव्ही, काम आधी जमतंय का हे दाखवणं हा मुख्य हेतू. तो शंभर टक्के साधला. पण एक गोष्ट त्या खर्चाच्या चर्चेत कुणी बोलत नाही. इंजिन ३०० दिवस झोपून होतं, मंगळाच्या कक्षेत शिरताना ते पेटलं नाही तर सगळं गेलं, म्हणून दोन दिवस आधी २२ सप्टेंबर २०१४ ला ते फक्त चार सेकंद पेटवून बघितलं, आणि नाहीच पेटलं तर थ्रस्टर्सवर, म्हणजे यानाच्या लहान इंजिनांवर, काय करायचं तेही तयार ठेवलं होतं. शिकायचं असेल तर हे शिकण्यासारखं आहे, ४५० चा आकडा नाही.

प्रश्न: ताई, मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. दोन वर्षांपूर्वी एका रिलीजच्या आधी मला एक शंका होती, सिद्ध करण्याइतकं हातात काही नव्हतं, नुसतं खटकत होतं. मॅनेजर म्हणाले रिव्ह्यू झालाय, आता हे उकरून काढू नकोस, तारीख जवळ आलीये. मी गप्प बसले. नंतर नेमकं तेच फुटलं आणि माझ्याच टीमवर आलं. तेव्हापासून मला सारखं वाटतं की मी बोलायला हवं होतं पण बोलून काय झालं असतं? ग्रहांच्या मिशनमध्ये अशा माणसाचं ऐकतात का?

उत्तर: तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. कधी ऐकलं जातं, कधी नाही, आणि दोन्हीची उदाहरणं आहेत, म्हणून दोन्ही सांगते.

आधी न ऐकल्याचं. नासाचं मंगळाकडे गेलेलं यान मार्स क्लायमेट ऑर्बिटर, २३ सप्टेंबर १९९९. एका सॉफ्टवेअरमधून थ्रस्टरच्या धक्क्याचा आकडा पाउंडच्या हिशोबात यायचा आणि दुसरीकडे तो न्यूटनचा समजून वापरला जायचा, हे सगळ्यांना माहीत आहे, शाळेत एककं लिहा म्हणून सांगतात तेव्हा हेच उदाहरण देतात. पण मला त्यातला दुसरा भाग जास्त लागतो. प्रवासाच्या नऊ महिन्यांत मार्ग बघणाऱ्या लोकांना आकडे जुळत नाहीयेत हे जाणवलं होतं. त्यांनी ते बोलून दाखवलं, ईमेलवर लिहिलं, पण ठरलेल्या फॉर्मवर रीतसर नोंदवलं गेलं नाही म्हणून ते कुणाच्या यादीतच आलं नाही. आणि शेवटच्या दिवसांत मार्ग अजून एकदा दुरुस्त करायची सोय होती तीही वापरली नाही. यान मंगळाच्या २२६ किलोमीटर वरून जायचं होतं ते ५७ किलोमीटरवर गेलं, आणि ८० च्या खाली ते टिकणारच नव्हतं.

आता ऐकल्याचं. हे जरा सावकाश सांगते, कारण माझ्या मते या सगळ्या विषयात यापेक्षा मोलाची गोष्ट नाही. कॅसिनी १९९७ ला शनीकडे निघालं, त्याच्या अंगावर युरोपियन संस्थेचं हायगेन्स नावाचं छोटं यान, जे शनीचा चंद्र टायटनवर उतरणार. हायगेन्स उतरताना जे सांगेल ते कॅसिनी ऐकणार आणि मग पृथ्वीला कळवणार. सगळे रिव्ह्यू झाले, यान उडालं, वाटेत आहे. बोरिस स्मेड्स नावाचा युरोपियन संस्थेतला रेडिओ इंजिनिअर होता, त्याच्या मनात आलं की कॅसिनीच्या रिसीव्हरची खरी परीक्षा झालेलीच नाही. उड्डाणाआधी पूर्ण टेस्ट करायची तर जोडलेले भाग परत उघडावे लागले असते, म्हणून ती केली नव्हती. ठरलेली टेस्ट होती ती साधी, नुसता सिग्नल पाठवायचा आणि तो पकडला जातो का बघायचं. स्मेड्स म्हणाला, असं नाही, हायगेन्सचा सिग्नल हुबेहूब तसाच बनवून पाठवू, डेटासकट आणि डॉप्लरसकट, म्हणजे यानाच्या वेगामुळे सिग्नलमध्ये जो फरक पडतो त्यासकट. त्याचा प्रस्ताव सुरुवातीला नाकारला गेला. तो मागे लागला, मिशनमधल्या दोन-तीन जणांनी त्याची बाजू घेतली आणि फेब्रुवारी २००० मध्ये त्याला कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनच्या अँटेनावर वेळ मिळाला.

कॅसिनी टायटनकडे सेकंदाला साडेपाच किलोमीटरच्या वेगानं येणार होतं. जवळ येणाऱ्या गाडीचा हॉर्न चढा ऐकू येतो तसं इथेही होणार, आणि रिसीव्हर बनवणाऱ्यांनी तो चढलेला सूर धरला होता. पण नुसता सूर चढत नाही ना, लयही चढते. एकामागून एक येणारे डेटाचे बिट किंचित जवळ जवळ येतात, आणि ती लय पकडणारा भाग जुन्याच लयीत मोजत बसला होता. साध्या टेस्टमध्ये हे कधीच दिसलं नसतं कारण सूर तर बरोबर लागत होता. स्मेड्सनं सिग्नलची ताकद बदलून बघितली, वारंवारता बदलून बघितली, आणि परत आलेला डेटा बराचसा कचरा होता. म्हणजे हायगेन्स टायटनवर उतरलं असतं, सगळं नीट सांगितलं असतं आणि त्यातलं बरंच काही कुणालाही ऐकू गेलं नसतं. रिसीव्हरमधली ती सेटिंग पृथ्वीवरून बदलता येत नव्हती.

हातात चार वर्षं होती, हेच सगळ्यात महत्त्वाचं. यान बदलता येत नाही तर रस्ता बदला असं ठरलं. आधी कॅसिनी टायटनच्या १२०० किलोमीटर जवळून जाणार होतं, ते सुमारे ६० हजार किलोमीटर लांबून न्यायचं, म्हणजे ते हायगेन्सच्या दिशेनं सरळ येण्याऐवजी बाजूनं जातं आणि लय फारशी चढत नाही. त्यासाठी सुरुवातीच्या फेऱ्या नव्यानं आखल्या, उतरायची तारीख नोव्हेंबर २००४ वरून १४ जानेवारी २००५ वर गेली, आणि टायटनवरचे ते गोल गोटे आपण सगळ्यांनी बघितले. त्यातही एक चूक राहिलीच, कॅसिनीच्या दोन चॅनेलपैकी एक चालू करायची कमांडच यादीत नव्हती, त्यामुळे साधारण ३५० फोटो आले आणि तेवढेच कायमचे गेले. इतकी मेहनत करूनही एक ओळ राहून जाते.

आता तुमचं. या दोन गोष्टींत मला फरक असा दिसतो की स्मेड्सनं नुसतं मला खटकतंय असं म्हटलं नाही, तो एक टेस्ट घेऊन आला, इतके तास अँटेना द्या, हा सिग्नल पाठवतो, असं आलं तर माझं चूक, तसं आलं तर बरोबर. नाही म्हणणाऱ्यालाही त्यात काही गमवायचं नव्हतं. पण पूर्ण जबाबदारी शंका घेणाऱ्यावर टाकणं मला मान्य नाही, १९९९ च्या लोकांनी बोललं होतंच ना. फॉर्म भरला नाही म्हणून शंका खोटी होत नाही, आणि ज्याच्या हातात निर्णय आहे त्यानं उठून विचारायला हवं होतं की तुला काय खटकतंय, दाखव. तुमच्या मॅनेजरनं ते विचारलं नाही. तुम्ही गप्प बसलात याचा सल तुम्ही एकटीनं वाहू नका. पुढच्या वेळी मात्र लिहून द्या, दोन ओळी का होईना, आणि कुठल्या टेस्टनं खरं-खोटं होईल ते त्यातच लिहा.

प्रश्न: चांगलं चालणारं यान शेवटी मुद्दाम ग्रहावर पाडून का जाळतात? जीव तुटतो बघताना.

उत्तर: माझाही तुटला होता, कॅसिनी १५ सप्टेंबर २०१७ ला शनीच्या वातावरणात शिरलं तेव्हा मी जागी होते. कारण असं की इंधन संपलं की यानावर ताबा राहत नाही, आणि मग ते कधीतरी एन्सेलॅडसवर जाऊन आपटू शकतं. तिथे बर्फाखाली समुद्र आहे. यानावर पृथ्वीवरचे जिवाणू चिकटून असले तर उद्या तिथे जीव सापडला तरी तो आपलाच की तिथला हे कळणार नाही. १९६७ च्या अंतराळ करारातच इतर ग्रह दूषित करू नका असं कलम आहे. गॅलिलिओ यानही २००३ ला याच कारणानं गुरूत सोडलं.

प्रश्न: चांद्रयान २ चा विक्रम पडला आणि चांद्रयान ३ चा उतरला, मधल्या चार वर्षांत नेमकं काय बदललं? पेपरमध्ये फक्त 'चुकांमधून शिकलो' एवढंच येतं.

उत्तर: बरोबर आहे, त्या वाक्यानं काहीच कळत नाही. इस्रोचे तेव्हाचे प्रमुख सोमनाथ सरांनी नंतर जाहीरपणे सांगितलं होतं ते असं: ७ सप्टेंबर २०१९ ला उतरताना पाचही इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर दिला, त्यामुळे चुका साठत गेल्या. त्या सुधारायला यानाला झटकन वळायचं होतं पण किती वेगानं वळायचं यावर सॉफ्टवेअरमध्ये मर्यादा होती. आणि उतरायची जागा फक्त ५०० बाय ५०० मीटर ठरवलेली, जमीन जवळ आली तरी ते तिथेच पोचायच्या धडपडीत वेग वाढवत राहिलं. तीन गोष्टी, एकेक करून पाहिल्या तर कुठलीच जीवघेणी नाही, पण एकत्र आल्या.

पुढच्या वेळी जागा ४ बाय २.४ किलोमीटर केली. मधलं इंजिन काढलं, इंधन जास्त घेतलं, पाय मजबूत केले म्हणजे सेकंदाला तीन मीटर वेगानं टेकलं तरी मोडू नयेत, वेग मोजायला लेझरचं नवं उपकरण लावलं, यान कसंही उभं राहिलं तरी वीज मिळावी म्हणून जास्त बाजूंना सोलर पॅनेल लावले. मला यातली जागा मोठी करणं ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. अचूक उतरून दाखवायचा मोह सोडायला मोठेपणा लागतो. आणि टेस्टिंग बघा, सेन्सर्स हेलिकॉप्टरला बांधून उडवले, लॅंडर क्रेनला टांगून इंजिनं पेटवली, पाय उंचावरून टाकून बघितले. आधी यशाचा रस्ता आखून यान बनवलं होतं, आता काय काय बिघडेल याची यादी करून बनवलं. शिवाय चांद्रयान २ चा ऑर्बिटर वर फिरतच होता, त्याच्या कॅमेऱ्यानं जागा निवडायला मदत केली आणि नवीन ऑर्बिटर न्यायची गरज उरली नाही. त्यामुळे २०१९ ला सगळंच वाया गेलं असं म्हणणाऱ्यांशी मी तेव्हाही वाद घालत होते.

प्रश्न: माझी मुलगी इंजिनिअरिंगला आहे आणि तिला याच क्षेत्रात जायचंय. पण वाचलं की टायटनवर जाणारं ड्रॅगनफ्लाय २०१९ ला निवडलं, २०२८ ला निघणार, २०३४ ला पोचणार. एवढ्या काळात माणसं निवृत्त होतात, सोडून जातात. मग काम पुढे चालतं कसं? आणि आयुष्यातली इतकी वर्षं एका यानासाठी घालवणं बरोबर आहे का?

उत्तर: दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या मुलीनंच द्यायचं आहे, मी फक्त तिला सांगेन की एकाच मिशनवर सगळी वर्षं बसून राहावं लागत नाही, लोक डिझाइनमधून टेस्टिंगमध्ये, तिथून ऑपरेशन्समध्ये, एका यानावरून दुसऱ्यावर फिरत असतात. आणि इथे रॉकेटवालेच लागतात असं नाही, शेड्यूल बघणारे लागतात, अँटेनाचा वेळ वाटून देणारे लागतात (जगात खोल अंतराळाशी बोलू शकतील अशा मोठ्या अँटेना मोजक्याच आहेत आणि प्रत्येक यानाला त्याच हव्या असतात), विकत घेतलेला सुटा भाग दिलेल्या हमीइतका टिकेल का हे तपासणारे लागतात. युरोपा क्लिपर निघायच्या पाच महिने आधी कळलं की त्यातले ट्रान्झिस्टर गुरूजवळच्या रेडिएशनमध्ये समजलं होतं तेवढे टिकणार नाहीत, तेव्हा रात्रंदिवस टेस्ट करून ते निभावतील हे दाखवणारी माणसं कुणाला नावानं माहीत नाहीत, पण त्यांच्याशिवाय ते यान हललं नसतं.

काम पुढे चालतं ते लिहून ठेवल्यामुळे. मुलीला सांगा, नोंदी नीट लिहायची सवय आत्तापासून लाव, कंटाळा आला तरी. व्हॉयेजर १ हे १९७७ ला उडालंय. १४ नोव्हेंबर २०२३ ला त्याच्याकडून अर्थ लागेल असा डेटा यायचा बंद झाला, सिग्नल येतोय पण त्यात काही नाही. आत्ताच्या टीममधले काही जण यान उडालं तेव्हा जन्मलेही नव्हते. त्यांनी कित्येक दशकांपूर्वीची कागदपत्रं काढली, ज्यांनी ती लिहिली त्यांना असला प्रसंग येईल हे स्वप्नातही नव्हतं, आणि ती वाचत वाचत काही महिन्यांनी कळलं की मेमरीतली एक चिप गेलीय आणि तिच्यावरचा कोड वापरता येत नाहीये. दुसरीकडे हलवावा तर एवढा कोड मावेल अशी एकही मोकळी जागा नाही. मग त्यांनी त्याचे तुकडे केले, मेमरीत जिथे जिथे जागा दिसली तिथे एकेक ठेवला, आणि हे तुकडे एकमेकांना सापडावेत म्हणून जुने पत्ते बदलले. पहिला तुकडा १८ एप्रिल २०२४ ला पाठवला. संदेश जायला साडेबावीस तास लागतात, उत्तर यायला तेवढेच. २० एप्रिलला टीम एका टेबलाभोवती बसून होती, आणि पाच महिन्यांनी यानानं पहिल्यांदा स्वतःच्या तब्येतीचे आकडे पाठवले.